पांढरीतली काच

"गेलेला रंग परत येईल का, बुवा?"

सौदामिनीबाईंनी गळसरी भानुबुवांपुढे ठेवली. मठाच्या दारात जीप चालूच होती. सुनेला तिच्या माहेरी सोडून यायचं, की विषय संपला, असं ठरवूनच त्या निघाल्या होत्या.

सून केतकी खांबाला टेकून उभी होती. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला.

बुवांनी गळसरी उचलली नाही, नुसतं वाकून पाहिलं. चांदीच्या कोंदणात हिरवट काचेचे तुकडे. रोमच्या व्यापाऱ्यांच्या काळातली काच; तेरच्या पांढरीत, जुन्या गावठाणाच्या टेकाडात, नांगराला लागलेली. बाईंच्या आजेसासऱ्यांनी ती हौसेनं मढवून घेतली होती. मधल्या तुकड्यावर मोरपिशी झाक असायची. ती आता नव्हती.

"काय झालं?"

"गळ्यात घालून न्हायला बसली ही. वर साबण! लग्नात माझ्या हातानं घातली होती मी."

"मग?"

"मग काय... काढून घेतली."

"कशी?"

बाईंनी नजर वळवली. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. त्या सगळ्यांच्या देखतच हे घडलं होतं.

तेवढ्यात केतकीचा पदर सरकला. मानेवर लाल वळ होता. तिनं घाईनं पदर सावरला. पण बुवांची नजर तिथं गेलेली बाईंनी पाहिली.

"ही जपायची कशी, ते मला सांग," बुवा म्हणाले.

बाई सरसावल्या. या बाबतीत त्यांचा हात धरणारं घराण्यात कुणी नव्हतं.

"सगळा साज झाला की शेवटी घालायची, आणि सगळ्यात आधी उतरवायची. पाणी नाही, अत्तर नाही. घासायची तर मुळीच नाही, मऊ कोरड्या कापडानं नुसती टिपायची. दुसऱ्या दागिन्यांत ठेवायची नाही, आपटते. आणि काढताना कधी ओढून..."

त्या अडखळल्या.

"ओढून?"

"...ओढून काढायची नाही."

"हिला सांगितलं होतंस हे?"

"सांगायचं काय त्यात? कळायला नको?"

बुवांनी पुन्हा वाकून काचेकडे पाहिलं. बाईच पुढे बोलल्या.

"तो रंग म्हणजे वरचा पापुद्रा असतो, बुवा. शेकडो वर्षं मातीत राहून चढलेला. एकदा निघाला की..."

"की?"

"...परत येत नाही."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. केतकी पिशवी उचलून पायरीकडे निघाली.

"थांब, पोरी."

चला, आता तरी बुवा हिला दोन शब्द सुनावतील, असं बाईंना वाटलं.

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढून गळसरीवर टाकला. काच झाकली गेली. मग ते सौदामिनीबाईंकडे वळले.

"जपायचं कसं, ते आता पुन्हा सांग. हिच्याकडे बघून."