परवान्याची सही आणि मृदुलाबाई

देशातल्या छोट्या ड्रोन उत्पादकांनी एक संघटना काढली आणि नाशिकच्या मृदुला चांदवडकर यांना अध्यक्ष केलं. बाई बोलायला मऊ, पण मागे हटणाऱ्या नव्हेत. तयार ड्रोनची चाचणी घ्यायला या कारखानदारांकडे मैदान नव्हतं. चाचणीविना परवाना नाही आणि परवान्याविना विक्री नाही. काहींनी तर कारखान्याला कुलूप लावलं. म्हणून सगळ्यांसाठी एक सामायिक मैदान मागायला बाई दिल्लीला गेल्या.

परवाना खात्याचे सचिव भार्गवसाहेब समोरच्याला भर बैठकीत गार करण्यात पटाईत होते. मागणी ऐकून ते म्हणाले, "तुमच्या संघटनेनं आजवर एक तरी ड्रोन बनवलाय का?"

"नाही, साहेब."

"मग तुमचा उपयोग काय?"

अधिकारी हसले. बाईंसोबत आलेल्या कारखानदारांनी माना खाली घातल्या.

मृदुलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आपल्या खात्यानंही एकही ड्रोन बनवलेला नाही. तरी आपल्या सहीशिवाय देशात एकही उडत नाही. स्वतः न बनवता ड्रोन जमिनीवर ठेवता येतो, हे आपण दाखवलंत. स्वतः न बनवता तो उडवताही येतो, एवढंच आम्हाला दाखवू द्या."

आता हसायचं की नाही, हे अधिकाऱ्यांना कळेना. ते साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी साहेबच खळखळून हसले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "जागा कुठे बघितलीये?"

सिन्नरजवळच्या माळावर पहिली चाचणी झाली, तेव्हा फीत कापायला साहेबांना बोलावलं होतं. त्यांनी कात्री बाईंच्या हातात दिली.