थेंबुटली आणि गार करंगळी

एक होता जोमा आजा. मिठागरावर मीठ पिकवता पिकवता म्हातारा झालेला.

आजाच्या अंगात होती रक्ताची थेंबुटली. लाल लाल, एवढीशी. डोक्यावर श्वासाची पुरचुंडी. रोज पुरचुंडी पायाच्या करंगळीला नेऊन द्यायची. टुपुक टुपुक जायची. टुपुक टुपुक यायची.

एक दिवस वाट हरवली. काल होती, आज नाही. पलीकडून करंगळी बारीक आवाजात म्हणाली, "गार वाजतंय गं." मग गप्प झाली.

वाटेत उभी होती भिंत. फुगलेली, कडक.

"भिंतबाय, भिंतबाय, सर ना. करंगळी गार पडली."

"कशी सरू? माझ्या अंगात गोळा बसलाय. तो हलला तर सरेन."

टुपुक टुपुक. भेगेत बसला होता पिवळा गोळा. त्याला डोळे नाहीत. तरी तो बघत होता.

"गोळ्या, गोळ्या, हल ना. भिंत सरेना. करंगळी गार पडली."

"कशाला हलू? रेट्याने भेग पाडली, मी शिरलो. रोज तळलेले वडे येतात, रोज मी जाडा होतो. रेटा निवला तर बघू."

टुपुक टुपुक. काळोखात रक्ताचा रेटा भिंतीला धडका देत होता. धाड. धाड.

"रेट्या, रेट्या, निव ना. गोळा हलेना. भिंत सरेना. करंगळी गार पडली."

"मला धडधड्या ढकलतो. तो हळू झाला तर निवेन."

टुपुक टुपुक. धडधड्या म्हणजे आजाचं काळीज. दमलेलं, तरी थांबायची सोय नाही.

"धडधड्या, धडधड्या, हळू हो ना. रेटा निवेना. गोळा हलेना. भिंत सरेना. करंगळी गार पडली."

"मीठ आलं की मागून पाणी येतं. ओझं जड होतं, बाय. हात थांबला तर हळू होईन."

टुपुक टुपुक. हाताला मिठागरावरची सवय. चिमूट घ्यायची, जिभेवर ठेवायची. आता ताटावरही तेच.

"हाता, हाता, थांब ना. धडधड्या हळू होईना. रेटा निवेना. गोळा हलेना. भिंत सरेना. करंगळी गार पडली."

"मी आजाचं ऐकतो. आजा म्हणाला तर थांबेन."

टुपुक टुपुक. भरदुपारी आजा कुशीवर निजला होता. थेंबुटली कानापाशी गेली.

"आजा, आजा, ऐक ना. हात थांबेना. धडधड्या हळू होईना. रेटा निवेना. गोळा हलेना. भिंत सरेना. करंगळी गार पडली."

आजाला ऐकू आलं, धप. धप. त्याने उठून दार उघडलं. अंगणात ऊन. कुणीच नाही. परत निजला. धप. धप.

दार वाजत नव्हतं. आजाच वाजत होता.

आजाने बायकोला, कमळाबायला सांगितलं. तिने डब्यातलं, डॉक्टरांनी रेट्यासाठी दिलेलं औषध काढलं. दुखत नाही म्हणून आजाने तसंच ठेवलेलं. मिठाची वाटी आपल्याकडे ओढली. वड्यांची कढई उतरवली. म्हणाली, "औषध रोज घ्यायचं. दुखलं तरी, नाही दुखलं तरी."

आजा म्हणाला, "हाता, पुरे."

हात थांबला. धडधड्या हळू झाला. रेटा निवला. एका दिवसात नाही हं. हळू, हळू, हळू. गोळा उठला नाही, पण अंग चोरून बसला. भिंत एवढीशी सरली.

एवढीशीच पुरली. थेंबुटली एवढीशीच होती.

"करंगळे, घे पुरचुंडी."

करंगळीने पुरचुंडी घेतली. मग हलली. मग ऊबदार झाली.

गोळा अजून तिथेच आहे. बघतोय. पण थेंबुटली रोज त्याच्या पुढून जाते. तुझ्या आजाच्या छातीला कान लाव बरं.

टुपुक टुपुक. टुपुक टुपुक.