फाट्यावर उतरलेले वस्ताद

तालमीच्या वस्तादांकडे लोक सहसा मुरगळलेला पाय दाखवायला येत. एकदा धैर्यशील नावाचा एक जुना शिष्य मोबाइलवरचा नकाशा दाखवायला आला.

तालमीचा फुटबॉल संघही होता; वस्तादांनी गावातल्या मुलांना चाळीस वर्षे तो खेळ शिकवला होता आणि हा शिष्य त्यांच्याच हाताखाली खेळलेला. आता त्याची नऊ वर्षांची मुलगी शर्वरी चांगली खेळत होती. शहरातल्या एका नामांकित क्लबाने तिला निवडले होते. पंधरा दिवस सरावाला येऊन पाहा आणि सोमवारपर्यंत पक्के कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असे त्यांनी सांगितले होते. क्लब घरापासून पासष्ट किलोमीटरवर, सराव आठवड्यातून चार दिवस. त्याच रस्त्यावर, वीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावातही एक क्लब होता. पण तिथल्या मैदानाला धड कुंपण नव्हते, आणि त्या क्लबाचे नाव सांगितले तर कुणी मान वर करून पाहिले नसते.

"जायला दीड तास लागतो," शिष्य म्हणाला. "घरात रोज त्यावरनं वाद. बायको म्हणते लांब पडतंय. मला वाटतं, पोरीचं नुकसान व्हायला नको. तुम्हीच सांगा वस्ताद, पोरीसाठी किती लांब जावं?"

वस्तादांनी नकाशाकडे पाहिलेही नाही. "उद्या सराव हाय न्हवं? मी येतो संगं."

शिष्याला आनंद झाला. वस्ताद ते मैदान, ती हिरवळ, ते प्रशिक्षक पाहतील आणि मग घरातला वाद आपोआप मिटेल, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी त्याने वस्तादांसाठी पुढची सीट झाडून पुसून ठेवली. वस्ताद सरळ मागे जाऊन शर्वरीशेजारी बसले.

गाडी निघाली तशी शर्वरीची टकळी सुरू झाली. बूट कसे नवीन असून चावत नाहीत, कॉर्नर मारताना तिची मैत्रीण चेंडू सोडून माती कशी उडवते, डाव्या पायाने मारायला तिला कुणी शिकवलेच नाही तरी ते कसे जमले. वस्ताद फक्त हुंकार भरत होते. तालुक्याचे गाव मागे पडले, साखर कारखाना मागे पडला. मग एका फाट्याजवळ शर्वरीने खिडकीबाहेर पाहिले आणि विचारले, "बाबा, अजून किती राहिलं?"

"धैर्यशील, गाडी बाजूला घे," वस्ताद म्हणाले. "मी हितंच उतरतो."

शिष्याला काही कळेना. "वस्ताद, अर्धा रस्ताही झाला नाही अजून. मैदान बघायचं होतं ना तुम्हाला?"

"मी कधी म्हणालो मैदान बघायचंय? परत येताना घे मला." एवढे बोलून ते चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर जाऊन बसले. शिष्य गाडी चालवता चालवता मनातून चांगलाच वैतागला. म्हातारपणी माणूस लहरी होतो, एवढेच त्याला वाटले.

साडेचार तासांनी तो परत आला, तेव्हा शर्वरी बुटांसकट मागच्या सीटवर झोपली होती. वस्ताद या वेळी पुढे बसले.

"तू विचारलंस किती लांब जावं," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या फाट्यापत्तूर रस्ता तिचा हाय. हितनं पुढं तुझा."

"पोरं विचारतातच ओ, किती राहिलं म्हणून."

"विचारत्यात की. कुठं विचारत्यात ते बघाया तर मागं बसलो. तालुक्याचं गाव आलं अन् गेलं, तिला पत्ताबी न्हाई. तिथला क्लब साधा असंल, पण ती खेळतच तिथं पोचंल. मोठी झाली की ती हाच सवाल आणखी पुढं जाऊन विचारंल. तवा शहरात जा."

शिष्याने आरशातून झोपलेल्या शर्वरीकडे पाहिले. वस्ताद पुढे बोलले. "तुला मी तेराव्या वर्षी शहराच्या संघात घातलं. रोज एसटीनं जायचास. दोन वर्षांत बूट काढून ठेवलेस, ते ठेवलेसच. सगळी म्हणाली, पोरात दम न्हवता. मी गावभर सांगत फिरायचो, आमचा पोरगा शहरात खेळतोय म्हणून. एसटीत तुझ्याशेजारी मी एकदाबी बसलो न्हाई. चुकलंच माझं."

शिष्याला वस्तादांचा राग आला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. आमची पोरगी शहरात खेळते, हे त्यानेही आठवडाभर दिसेल त्याला सांगितले होते. ती गाडीत काय बोलते, हे मात्र त्याला आज कुणी विचारले असते तर सांगता आले नसते.

सोमवारी त्याने शहरातल्या क्लबाला नकार कळवला. जागा दुसऱ्या मुलीला गेली, आणि त्याला दोन दिवस वाईटही वाटले.

गुरुवारी तो शर्वरीला घेऊन तालुक्याच्या गावी निघाला. कुंपण नसलेल्या त्या मैदानाशी गाडी थांबली, तेव्हा ती एका मुलीने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू कसा मारला ते सांगत होती आणि गोष्ट अर्ध्यावर आली होती. शिष्याने इंजिन बंद केले, मागे वळला आणि म्हणाला, "मग काय झालं?"