अकरा अंडी

पक्षी एकमेकांचा सल्ला घ्यायचे, त्या काळची ही गोष्ट. चिंचेच्या बनात कावळ्यांची शंभर अंडी होती. एक दिवस कोकिळा गुपचूप त्यांत आपलं एक अंडं घालून गेली. ती एकच अंडं घालून उडाली एवढं कावळ्यांना दिसलं, पण कुठल्या घरट्यात, ते कोणालाच कळलं नाही.

घाबरलेल्या कावळ्यांनी म्हाताऱ्या सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने प्रत्येक अंड्यावर चोचीने टकटक केली आणि अकरा अंडी कोकिळेची ठरवली. त्यांत एक काजळी नावाच्या कावळीचं होतं, एक तिच्या शेजारणीचं.

शेजारणीने आपलं अंडं लगेच खाली ढकललं. “तूही टाक गं,” ती काजळीला म्हणाली. “उगाच परक्याचं पोर पोसत बसशील.”

काजळीने अंड्याला चोच लावली, पण तिला ते ढकलवेना. “आजोबा, तुमचा कान कधी चुकतो का हो?”

“कोकिळेचं अंडं माझ्या कानातून सुटत नाही,” तो म्हणाला. “पण तुमच्या दर दहा अंड्यांतलं एखादंही मला तसंच ऐकू येतं.”

“कोकिळेने तर एकच घातलंय! मग या अकरांतली दहा आमचीच की!” काजळी ओरडली. “थांबा गं, कोणी ढकलू नका!”

दहा आया जीव मुठीत धरून अंडी उबवत बसल्या. कोकिळेचं ते एक माझ्याच घरट्यात असलं तर, असं काजळीला रोज वाटे.

पंधरवड्याने अंडी फुटली. काजळीच्या अंड्यातून कावळाच निघाला. दहा घरट्यांत मिळून नऊ कावळे होते आणि एक कोकिळेचं पिल्लू.

शेजारणीनेही ती पिल्लं मोजली. मग ती झाडाखाली, आपलं अंडं पडलं होतं तिथे उतरली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली.