महाशिरीषाची साखळी

एका राज्यात मुले वाढेनाशी झाली होती. ती खात होती, पीत होती, भांडत होती, रुसत होती. बुद्धी वर्षागणिक वाढत होती, पण अंग बोटभरही वाढत नव्हते. राजाचा मुलगा सात वर्षे पाळण्यात होता. पडल्या पडल्या तो अमात्यांशी न्यायनिवाड्याच्या गोष्टी बोले. पण कुशीवर वळायचे झाले, तर त्याला दाईला हाक मारावी लागे.

याचे कारण साऱ्यांना ठाऊक होते. राजधानीच्या मधोमध एक महाशिरीष उभा होता. त्याचा बुंधा वीस माणसांच्या कवेत मावत नसे आणि शेंडा ढगात असे. त्या राज्याचे सारे वाढणे त्या झाडाच्या रसावर चाले. वनात राहणाऱ्या एका मांत्रिकाकडून राजाने सोन्याने भरलेला हंडा मिळवला होता, आणि बदल्यात शब्द दिला होता की त्याच्या वनाला कुऱ्हाड लावणार नाही. पुढल्याच महिन्यात राजाने ते वन तोडले. मांत्रिक दरबारात आला. रागावला नाही, ओरडला नाही. हंडा काखेत घेऊन तो महाशिरीषावर चढला, आणि शेंड्याभोवती लोखंडी साखळी करकचून आवळून त्याने हंडा तिला टांगला.

"राजा, तुझं सोनं तुला दिसेल, मिळणार नाही," तो म्हणाला. "ही साखळी दर वर्षी एक कडी आवळत जाईल. ती आहे तोवर तुझ्या राज्यातलं मूल वाढणार नाही. आठव्या वर्षी झाड मरेल, आणि मग मुलं कायमची तशीच राहतील."

एवढे बोलून तो निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

साखळी तोडायला वीर हवेत, अशी राजाने दवंडी पिटवली. एकोणीस वीर झाडावर चढले आणि एकोणीस वीर पडले. त्यातला सोळावा राणोजी. त्याची बायको भिवरा महाशिरीषाखालचा पाला झाडायची. तिने नवऱ्याला चढताना पाहिले होते आणि पडतानाही पाहिले होते. तिची मुलगी येसू शाप लागला तेव्हा चार वर्षांची होती. आता बोलायला अकरा वर्षांची, पण आईच्या कंबरेलाही लागत नव्हती.

सातवे वर्ष अर्धे सरले तेव्हा एके दिवशी भिवराने झाडू भिंतीला टेकवला आणि ती निघाली. गावाबाहेर मालूबाबा राहत असे. हा म्हातारा झाडांचा वैद्य. साठ वर्षे दोरावर लोंबकळून त्याने राज्यातल्या झाडांच्या वाळक्या फांद्या उतरवल्या होत्या.

"बाबा, मला महाशिरीषावर चढायचंय."

"एकोणीस जण चढले की."

"त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझा माणूस नुसत्या हातांनी चढला. माझ्या डोळ्यांदेखत."

मालूबाबाने खुंटीवरचा दोर काढला. "तीन कामं सांगीन," तो म्हणाला. "एक जरी चुकलं, तरी घरी जायचं."

पहिले काम गाठीचे. मुख्य दोराला दुसऱ्या आखूड दोराचे तीन वेढे देऊन त्याने एक सरकगाठ बांधून दाखवली. हाताने ढकलली की ती वर सरके; अंगाचा भार पडला की जागच्या जागी आवळे. "तुझा हात सुटेल. हात सुटतोच. ही सुटत नाही." भिवराने ती गाठ उजेडात बांधली, डोळ्यांवर फडके बांधून बांधली, थंडीने बोटे वाकडी झाली असताना बांधली. महिना गेला. मालूबाबा प्रत्येक गाठ ओढून बघे आणि सोडून टाकी. एके दिवशी त्याने एक गाठ ओढून बघितली आणि सोडली नाही.

दुसरे काम टांगून राहण्याचे. कमरेला रुंद चामडी पट्टा, पट्ट्याला मुख्य दोर, शिवाय खोडाभोवती घ्यायचा आखूड कमरदोर. एक सोडायचा तर आधी दुसरा बांधलेला हवा. जमिनीपासून हातभर उंचीवर त्याने तिला दिवसभर टांगून ठेवले.

"बाबा, इथून पडले तर गुडघासुद्धा फुटायचा नाही!"

"म्हणूनच इथं चूक. जेवढ्या करायच्या तेवढ्या कर."

तिने पुष्कळ केल्या. एकदा कमरदोर बांधण्याआधीच मुख्य दोर सोडला आणि ती धपकन पाठीवर पडली. येसू हसली. भिवराही हसली, मग तिला राणोजी आठवला आणि ती उठून पुन्हा लोंबकळली. हळूहळू ती उंच गेली. दोरीला वजनाची पिशवी बांधून वरच्या बेचक्यातून फेकायची, तिच्यामागून दोर ओढून घ्यायचा, खाली उभे राहून त्यावर सगळा भार टाकून फांदीची परीक्षा घ्यायची आणि मगच पाय उचलायचा, हे सारे तिच्या अंगवळणी पडले.

तिसरे काम काय, ते मात्र मालूबाबाने सांगितले नाही.

ठरल्या दिवशी महाशिरीषाखाली सारे नगर लोटले. नगारे वाजत होते. राणीने भिवराला ओवाळले. भिवरा खाली बसली आणि रोजच्यासारखा दोर हातातून वीत-वीत सरकवू लागली. अर्ध्यावर तिची बोटे थांबली. दोराचा एक पेड उंदराने कुरतडला होता.

"महाराज, दोर धड नाही. आज चढणार नाही मी."

राजाचा चेहरा लाल झाला. "मुहूर्त आजचा आहे. पुढचा पंधरा दिवसांनी. चढ!"

"दोर धड नाही, महाराज."

गर्दीतून कुणीतरी म्हणाले, "घाबरली!" शंभर जण हसले. भिवराच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. तिने मालूबाबाकडे पाहिले, तर तो पाठ फिरवून सामान पिशवीत भरत होता.

घरी जाताना वाटेत तो म्हणाला, "तिसरं काम झालं."

"बाबा! दोर तुम्ही कुरतडलात?"

"उंदरानं कुरतडला. मला सकाळी दिसला, पण बोललो नाही. चढायला लागली असतीस, तर पाय धरून खाली ओढली असती."

पंधरा दिवसांत दोघांनी नवा दोर वळला. मग भिवरा चढली.

टप्प्याटप्प्याने ती वर गेली. प्रत्येक बेचक्यात थांबे, कमरदोर बांधे, मगच मुख्य दोर वर फेके. माणसे मुंग्यांएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. ढगापाशी एक धनेश पक्षी बसला होता.

"बाई, उजवी फांदी धरू नकोस," धनेश म्हणाला. "आतून पोकळ आहे."

"उपकार झाले, पक्षिराज."

"आणि डावीकडच्या ढोलीला धक्का लावू नकोस. माझं कुटुंब अंड्यांवर बसलं आहे."

भिवरा मधून गेली आणि शेंड्याला पोहोचली. साखळी सालीत रुतली होती, तिच्या वरचे खोड सुजले होते. खाली हंडा लोंबत होता. भिवराने हंड्यात डोकावून पाहिले मात्र, सोन्यातून एक तरुण मुलगी वर आली. उंच, सडसडीत, राणोजीचे कपाळ आणि येसूचे डोळे.

"आई, मला घे ना," ती म्हणाली.

भिवराने दोन्ही हात पसरले.

एकोणीस वीरांनी हेच केले होते. भिवराही त्यांच्यासारखीच पडली, पण हातभरच. कमरेला हिसका बसला, खांदा खोडावर आपटला, आणि ती ढगात झुलू लागली. सरकगाठ आवळली होती. भिवराला रडू आले, ते तिने येऊ दिले. मग पदराने डोळे घट्ट बांधले आणि चाचपडत पुन्हा वर गेली.

डोळे बांधूनच तिने हंड्याला दुसरा दोर बांधला, तो बेचक्यातून घेऊन खाली सोडला आणि कानस काढून साखळीची एक कडी कापायला घेतली. हंड्यातून हाका येत होत्या, "आई, आई ग!" ती कानस चालवत राहिली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कडी केसाएवढी उरली. भिवरा थांबली.

"पक्षिराज, खाली कुणी उभं आहे का?"

धनेश उडाला आणि परत आला. "राजा उभा आहे. शेजारी पाळणा आहे. म्हणतो, सोनं माझं, मी इथेच झेलणार."

"त्यांना सांगा, तिथून हलल्याशिवाय मी हात चालवणार नाही. संध्याकाळ झाली तरी नाही."

धनेशाने निरोप दिला. राजाने नकाराची मान हलवली. तेव्हा पाळण्यातून आवाज आला, "तात, वर माणूस काम करतं आहे. माझा पाळणा उचला आणि तुम्हीही चला."

राजाने पाळण्याकडे पाहिले. मग त्याने दाईला दूर सारले, पाळणा स्वतः उचलला आणि तो झाडापासून शंभर पावले लांब गेला. प्रजा त्याच्यामागे गेली.

भिवराने शेवटचा हात मारला. साखळी तुटली आणि राजा उभा होता त्या जागी पडून जमिनीत पुरुषभर रुतली. हंड्याचा भार दोरावर आला. लांब एका खांबाला त्या दोराचे वेढे देऊन मालूबाबा उभा होता. त्याने हंडा हळूहळू खाली उतरवला. राजाने हंड्यात डोकावून पाहिले. आत सोने नव्हते. ओली काळी माती होती, तोडलेल्या वनातली. मग खाली बसून त्याने ती ओंजळी-ओंजळीने महाशिरीषाच्या मुळाशी घातली आणि म्हणाला, "उद्यापासून ते वन पुन्हा लावायला घ्या."

लोक भिवराला हाका मारत होते, लवकर उतर म्हणून. ती चढली तशीच उतरली, प्रत्येक बेचक्यात थांबत, आधी एक दोर बांधत, मग दुसरा सोडत. तिचे पाय जमिनीला लागले. मालूबाबाने तिची गाठ ओढून बघितली, आणि मग म्हणाला, "सोड आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यातली सारी मुले रडत उठली. पोटऱ्या दुखतात, गुडघे दुखतात, हाडे ठणकतात! येसूही कण्हत होती. राजवाड्यात राजपुत्र कुशीवर वळला आणि त्याने आरोळी ठोकली. घरोघरी आयांनी तेल कोमट केले आणि त्या मुलांच्या पायांना चोळत बसल्या. मुले रडत होती आणि आया हसत होत्या. तशी कळ ज्यांच्या घरी यायची राहिली असेल, त्यांच्याही घरी येवो.