दुप्पट जोर, दुप्पट गोळा

माळावरचं गवतही बोलायचं, त्या काळची गोष्ट. गुरांच्या वाटेवर एक शेणकिडा मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत होता. गुरं परतायच्या आत बीळ गाठायचंच, असा त्याने चंग बांधला होता. गोळा वेग घेईना, म्हणून त्याने भावाला बोलावलं. जोर दुप्पट झाला, तशी त्याला हाव सुटली आणि त्याने गोळाही दुप्पट केला. चाल होती तीच राहिली.

"धाकट्यालाही हाक मार," तो धापा टाकत म्हणाला.

"दादा, जोराबरोबर तू शेणही वाढवतोस," भाऊ म्हणाला. "मग वेग येणार कुठून?"

वळणावर गुरांच्या घंटा वाजल्या. शेणकिड्याने दातओठ खात अर्धा गोळा तोडून टाकला. "आता लाव जोर!"

गोळा सुसाट सुटला. पहिल्या गाईचा खूर पडला, तो टाकून दिलेल्या शेणावर.