मुठीतली पिन

“पिन त्यांच्या मुठीत होती, तरी कुणी मानलं न्हाई. तुमी तरी मानाल का?”

कोंडाबाई मठाच्या ओट्यावर उभीच राहिली. स्वामींच्या पाया पडली नाही. शिष्य कुजबुजले, बाई उर्मट दिसते. दिसली तर दिसली. साहेबांच्या पाया पडून तिचे गुडघे झिजले होते, आणि ऐकलं एकानंही नव्हतं.

रंगाच्या कारखान्यात आग लागली, त्यात तिचा नवरा गेला. आग विझवायचं लाल सिलिंडर हातात असून तो भेदरला, साधी पिनसुद्धा ओढली नाही, असं साहेब म्हणाले. गावानं री ओढली. भावकीतली पोरं तिच्या दारावरून जाताना ‘भित्र्याचं घर’ म्हणत.

तिनं पदराची गाठ सोडली. काळवंडलेली पिन स्वामींपुढं ठेवली.

देह नश्वर आहे, असं काहीतरी स्वामी बोलू लागले.

“देहाचं ठावं हाय मला. मीच गोळा केला त्यो. अब्रूचं बोला.”

मग स्वामींनी विचारलं, त्याला सिलिंडर चालवायला शिकवलं होतं का?

शिकवतोय कोण. सिलिंडर फ्रान्सचं, भिंतीवर फ्रेंचमधून इंग्रजीत उतरवलेला कागद. सुपरवायझरनं एकदा वाचून दाखवला, नवऱ्यानं पाठ केला. जेवतानाही म्हणायचा, आरतीसारखा. ऐकून ऐकून तिच्याही तोंडात बसला होता.

“सेफ्टी पिन. स्ट्रायकर नॉब. लिव्हर. होज. नोझल.”

स्वामींची जपमाळ थांबली.

“आणि पिन ओढल्यावर नॉबवर तळहात मारायचा, मगच लिव्हर दाबायचा… हे?”

“त्ये काय नव्हतं त्यात. निस्ती नावं.”

“फ्रेंचमध्ये होतं,” स्वामी हळूच म्हणाले. “नॉब ठोकल्याशिवाय आत दाब भरत नाही. मूठ कितीही आवळली तरी बाहेर काही येत नाही… उतरवणाऱ्याला वाटलं, नाव दिलं की काम आपोआप कळतं. नावं त्यानं सगळी बरोबर दिली.”

शिष्यांनी माना खाली घातल्या. मठात येण्याआधी स्वामी परदेशी यंत्रांचे कागद इंग्रजीत उतरवून द्यायचे, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या माना बघून कोंडाबाईलाही कळायचं ते कळलं.

“त्याचं नाव सांगा.”

एक शिष्य मध्ये पडला. स्वामींनी स्वतःचं श्राद्ध घालून भगवी वस्त्रं घेतली आहेत, मागचं नाव संन्याशानं उच्चारायचं नसतं, असं त्यानं समजावलं.

कोंडाबाई हसली. ते हसू बघवत नव्हतं.

“बायकूनंबी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, बाबा. उखाण्याबाहेर कधी घेतलं न्हाई. चितेपुढंबी न्हाई.”

तिनं पदर सावरला.

“दौलती रामू शिंगाडे… मी घेतलं. आता तुमी घ्या.”

स्वामींनी पिन उचलली. मुठीत गच्च धरली…

“साहेबांना सांग, बाई. दौलतीनं पिन ओढली होती. पुढचं ज्यानं गाळलं, तो अच्युत दामोदर टेंबे.”